बांध ओलांडलेलं पाणी

सकाळी माझ्या हरभऱ्यात पाणी शिरलेलं दिसलं आणि डोकंच फिरलं. शेजारच्या गव्हाला सदाअण्णा पहाटेपासून पाणी देत होते. आता बांधाला टेकून बसले होते, फावडं मांडीवर. "अण्णा, डुलकी लागली काय? एवढ्या पाण्यानं माझा हरभरा जळंल की!" मी लांबूनच ओरडलो. ते हलले नाहीत. जवळ जाऊन खांद्याला हात लावला, तर अंग थंडगार.

अण्णांच्या घरी जाऊन काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाणी बंद केलंस का रं?"

मी अजून सुन्न आहे. ऐंशीच्या घरातल्या या माणसाचं पाणी उभ्या जन्मात कधी बांध ओलांडून आलं नव्हतं. आज आलं, ते सांगावा घेऊन आलं. आणि मी बांधावर उभा राहून भांडत होतो.