उपाशीपोटीची गढूळ नळी

चौदा नोव्हेंबर. हा दिवस जगभर मधुमेह दिन म्हणून पाळला जातो, एवढे कुणालाही पडताळता येईल. पुढचे सारे टोचणीताईंच्या वहीतले आणि त्यांच्या तोंडचे आहे.

प्रसूती रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षे रक्त काढून त्यांना हे नाव पडले होते. सुई टोचण्याआधी त्या प्रत्येकीला विचारीत, "काल शेवटचा घास किती वाजता?" उत्तर वहीत उतरे. यंत्राने आकडा देण्याआधी त्या नळी खिडकीशी धरून पाहत.

त्या सकाळी खुर्चीत त्यांची भाची होती, पाचव्या महिन्यातली. "आठ वाजता, आत्या. मग फक्त पाणी."

नळी यंत्रात गरगर फिरून आली की वर पिवळसर, नितळ द्रव दिसायला हवा. दिसला तो दूध मिसळल्यासारखा, म्हणजे नुकतेच काहीतरी तुपकट पोटात गेल्यासारखा. टोचणीताईंनी कपाळाला हात लावला. भाचीचा बाप, म्हणजे त्यांचा दादा, जन्मभर कँटीनचा आचारी; कुणाला उपाशी घराबाहेर सोडणे त्याच्या तत्त्वात बसत नसे. माहेरी आलेल्या लेकीला आज तोच घेऊन आला होता.

"दादा, खरं सांग, काय भरवलंस पोरीला?"

"काही नाही गं! डबा घेऊन दाराशी उभा होतो, तर माझ्याच अंगावर ओरडली."

"मांजर डोळे मिटून दूध पितं. मी डोळे मिटलेले नाहीत."

भाचीने बाही खाली ओढली. "नळीवर विश्वास आहे तुझा. माझ्यावर नाही."

वहीत 'खाऊन आली असावी' असा शेरा लिहिला, तर डॉक्टरीणबाई अहवाल बाजूला ठेवणार आणि साखरेची मोठी तपासणी सातव्या महिन्यावर जाणार. टोचणीताईंनी शेऱ्याचा रकाना कोराच ठेवला. भाचीला स्वतःच्या घरी मुक्कामाला नेले, आठाच्या जेवणानंतर स्वयंपाकघराला कुलूप घातले आणि किल्ली कमरेला खोवली. डबा घेऊन आलेल्या दादाला दारातूनच वाटेला लावले.

सकाळी नळी तशीच गढूळ. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, तीनशे एकतीस. उपाशीपोटीची साखर मात्र एकोणनव्वद, नाव ठेवायला जागा नाही.

कालच्या पानावर त्यांनी लिहिले: 'मुलगी खरं बोलत होती. चूक माझी.' मग दादाला फोन केला. "डबा आण. माफी मागायचीय, आणि दोघींनाही भूक लागलीय."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गरोदरपणात चरबी वाढतेच. पण इतकी? शरीर इन्सुलिनला दाद देत नसेल. सातव्या महिन्यापर्यंत थांबायला नको." त्याच आठवड्यात मोठी तपासणी झाली, साखरेचे पाणी पाजल्यावर दोन तासांनी आकडा मर्यादेपलीकडे गेला: गरोदरपणातला मधुमेह. दादाने डब्यातले गोड काढले आणि लेकीबरोबर रोज चालू लागला. "सासरी गेली तेव्हाही एवढा चाललो नव्हतो," असे कुरकुरत. बाळ तीन किलोचे, ठणठणीत.

उपाशीपोटीची चरबी आणि साखर एकत्र मांडून धोका आधीच ओळखावा म्हटले, तर त्याची सर्वमान्य सीमारेषा अजून ठरलेली नाही. भाचीचे रक्त गरोदरपणापूर्वीही गढूळ होते का, हेही कळायला मार्ग नाही. तेव्हा कुणी ते तपासलेच नव्हते. वहीत त्या प्रश्नापुढे टोचणीताईंच्या अक्षरात दोनच शब्द आहेत: 'माहीत नाही.'