पडद्याकडे पाठ

"पडद्यावर काय चाललंय ते मला नका इचारू. लोकं काय करत्यात ते इचारा."

आमच्या थिएटरच्या दारावर उभे राहणारे मामा कुणालाही हेच सांगायचे. पडद्याशेजारच्या दाराशी, पडद्याकडे पाठ करून, विझवलेली बॅटरी काखेत धरून ते पूर्ण तीन तास उभे असत. सगळं थिएटर पुढे बघतंय आणि हा एकटा माणूस सगळ्या थिएटरकडे बघतोय. नवखा प्रेक्षक दचकायचा. फलटणहून पाहुणी म्हणून आलेल्या एका बाईंनी तर माझ्या तिकिटाच्या खिडकीशी येऊन तक्रार केली, की तुमचा तो म्हातारा टक लावून बघतो. मी म्हटलं, "अहो, एकट्या तुमच्याकडे नाही, तो सगळ्यांकडेच बघतो." त्यानं त्या बाईंचं समाधान झालं नाही. माझंही झालं नसतं.

कोरेगावच्या अलीकडचं आमचं गाव, तिथलं हे एका पडद्याचं थिएटर. मी खिडकीत बसायचे, मामा दारात. मध्यंतर झालं की ते खिडकीच्या फळीवर कोपर टेकवून अहवाल द्यायचे.

"पुढल्या रांगांचं पाय हालाय लागल्यात, ताई. पाय हालला की पिक्चर गेला म्हणायचा."

"कधी जाणार?"

"गुरवारी."

आणि तो सिनेमा चार आठवडे चालायचा. मामांचे अंदाज बहुतेक चुकायचे. कधी बोलाफुलाला गाठ पडली तर महिनाभर तेवढंच ऐकवायचे, आणि चुकले की म्हणायचे, "मी बराबर व्हतो. लोकं चुकली." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, आपल्या विद्येवर त्यांची श्रद्धा इतकी की अनुभवाचं काही चालत नाही.

मोबाइल आले तेव्हा मालक वैतागले, प्रेक्षक वैतागले. अंधारात जागोजागी उजेड पेटायचा. मामा मात्र खूश होते. "पयल्यांदा मला निम्मी तोंडं दिसायची न्हाईत. आता ज्येचा त्यो स्वतःच्या तोंडावर बॅटरी मारून घेतोय." मालकांनी मोबाइल बंद करायला सांगण्याचं काम त्यांना दिलं होतं. ते त्यांनी कधीच केलं नाही.

मामी मूळच्या पलूसकडच्या. शुक्रवारी तीनच्या खेळाला गल्लीतल्या बायका घेऊन यायच्या आणि मधल्या रांगेत बसायच्या. मामी हसायला लागल्या की मला बाहेर खिडकीत कळायचं. हसणं कसलं, गडगडाट. मामा म्हणायचे, "तुमची मामी हसली की पुढच्या तीन रांगा पिक्चर न बघता हसत्यात." सांगताना छाती फुगायची. मी खिडकीत बसून त्या हसण्यावरून सिनेमा कसा आहे ते ठरवायचे, आणि खरं सांगायचं तर माझा अंदाज मामांपेक्षा बरा असायचा.

मग मामींना कंपवात झाला. आधी उजवा हात थरथरायला लागला, मग पावलं आखूड पडू लागली, आवाज खोल गेला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चेहरा थांबला. हसू नाही, राग नाही, कपाळावर आठी नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी मामांना नीट समजावून सांगितलं होतं, की चेहऱ्याचे स्नायू आखडलेत, आत मन शाबूत आहे, त्यांना सगळं कळतं. मामांनी मान डोलावली आणि परत येऊन मला म्हणाले, "शाबूत हाय म्हणत्यात. आता शाबूत असंल तर तोंडावर येणार न्हाई व्हय? माझा जलम गेला तोंडं बघण्यात."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. दुसऱ्या कुणा नवऱ्यानं डॉक्टरांचं ऐकलं असतं. मामांनी आपल्या विद्येचं ऐकलं. मामींचा कोरा चेहरा त्यांनी कंटाळलेल्या प्रेक्षकाचा चेहरा म्हणून वाचला. आणि पडता सिनेमा उचलायला मालक जशी धडपड करतो तशी धडपड सुरू केली. साताऱ्याहून कंदी पेढे आणले. नवं पातळ आणलं. शेजाऱ्यांच्या नकला करून दाखवल्या. सकाळी कामावर आले की मी विचारायचे, आणि ते मान हलवायचे.

"न्हाई चालला."

"काय नाही चालला?"

"मीच. घरात एक प्रेक्षक, आन त्योबी हालंना."

मी हसले होते तेव्हा, पण मला फार वाईट वाटलं होतं. हळूहळू ते घरी जायचं टाळायला लागले. आपली पाळी नसली तरी दारात उभे राहायचे. घरी सून होती, ती वेळेवर करायची सगळं, पण मामींच्या देखत "ह्यांना जेवायला घालायचंय का" असं तिसऱ्याला विचारायची. आणि एक दिवस मामा म्हणाले, "पलूसला भावाकडं ठेवतो तिला. माझ्यावर कटाळलीया ती. म्हायेरात तरी हसंल. म्होरल्या आयतवारी मेव्हणा गाडी घिऊन येणार हाय."

"मामींना विचारलंत का?"

"इचारलं की. तोंडावर कायबी न्हाई."

त्याच शुक्रवारी आमच्याकडे तो रोबोचा सिनेमा लागला. बाहेरच्या देशातला, हिंदीत डब केलेला. एका म्हाताऱ्याच्या घरी कामाला ठेवलेला पत्र्याचा रोबो हळूहळू माणूस होतो, अशी गोष्ट. पोस्टर बघूनच मामांनी निकाल दिला. "ह्यो गुरवारबी बघत न्हाई."

पहिल्या खेळाला कॉलेजची पोरं. रोबो अडखळला की "चार्जिंगला लावा रं त्येला" असा ओरडा. एक ऊसवाले बागायतदार मध्यंतरात चहा पिताना गंभीरपणे म्हणाले, "असली चार मिळाली तर तोडणीची चिंता मिटली." लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार होते, त्यांना सिनेमा फार खरा वाटला. "भरती झालो तवा आमी असंच व्हतो. उठ म्हटलं की उठायचं, बस म्हटलं की बसायचं. माणूस व्हायला पेन्शन यावी लागली." आणि तीनच्या खेळाला आलेल्या एका आजींनी बाहेर पडताना मला विचारलं, "बाई, त्येला भूक न्हाई, दुखणं न्हाई, कुनाचं बोलणं खावं लागत न्हाई. मग त्येला माणूस कशापायी व्हायचंय?" मी तिकिटं देते, असल्या प्रश्नांची उत्तरं देत नाही. पण तो प्रश्न अजून माझ्या डोक्यात आहे.

शनिवारी मध्यंतरात मामा फळीवर टेकले ते गोंधळलेले होते.

"आवं ताई, काय तरी उलटं चाललंय आत."

"काय झालं?"

"मध्यंतराच्या आधी बायका रडत्यात. त्यो म्हातारा मरतो, आन रोबो रोजच्यागत त्याचा च्या करून ठेवतो, तवा. बायकाच न्हाई, ती ओरडणारी पोरंबी गप व्हत्यात. आन मध्यंतरानंतर त्येला माणसाचं तोंड मिळतं, चांगला देखणा हिरो व्हतो, ढसाढसा रडतो. तवा लोकं वडापाव खायाला भाईर येत्यात."

"मग?"

"मग म्हंजे? तोंड पत्र्याचं असतं तवा रडत्यात, आन खऱ्या तोंडानं रडला तर उठून जात्यात. पत्र्याच्या तोंडावर ह्यास्नी काय दिसतं?"

मी म्हटलं, "मला काय विचारता? वळून बघा की पडद्याकडे."

मला वाटलं नव्हतं ते ऐकतील. पण सहाच्या खेळाला मी सहज मागच्या दारातून डोकावले, तर मामा वळून उभे होते. इतक्या वर्षांत मी त्यांची पाठ पहिल्यांदा पाहिली. पडद्यावर रोबो चहाचा कप ठेवत होता. तोंड पत्र्याचं, त्यावर एक रेघ हलत नव्हती. फक्त कप ठेवल्यावर त्याचा हात कपावरून लगेच निघत नव्हता. थोडा वेळ तिथंच राहत होता. प्रेक्षकांत कुणीतरी नाक ओढलं, आणि मामांची मान खाली गेली.

रविवारी मेव्हण्याची गाडी यायची होती, म्हणून मामांनी रजा घेतली होती. पण दुपारी ते कामावर हजर.

"सोडून आलात?" मी विचारलं.

"न्हाई." त्यांनी फळीवर कोपर टेकवलं. मग म्हणाले, "राती जेवाय बसल्यावर मी ठरवलं, तोंडाकडं बघायचंच न्हाई. आन पलूसचं नाव काढलं. ताई, तिनं माझ्या सदऱ्याची बाही धरली. बोटं लटलट कापत व्हती, पर धरली ती सोडंना. भात गार झाला तरी सोडंना." त्यांनी टोपी काढून डोळे पुसले. "मेव्हण्याला फोन करून सांगितलं, येऊ नगंस. इतकं दीस मी वर तोंडाकडंच बघत बसलो."

त्या दिवसापासून फळीवरचे अहवाल बदलले. सिनेमाबद्दल कमी, मामींबद्दल जास्त. हसू आलं की श्वास नाकातून दोनदा तुटक येतो. राग आला की पाऊल भिंतीकडे वळतं. सुनेनं तिसऱ्याला विचारलं की हमखास वळतं. हे त्यांनी सुनेला दाखवलं, तेव्हापासून ती सरळ मामींना विचारायला लागली. "डालडाचा लाडू दिला तर पाऊल वळलं, आन तुपाचा दिला तर श्वास आला. लय चोखंदळ प्रेक्षक हाय." अंदाज इथंही चुकत असतील, चुकायचेच. पण आता चुकले तर "ती चुकली" असं म्हणत नसत. परत विचारत.

रोबोचा सिनेमा पुढच्या गुरुवारच्याही पुढे गेला. जायच्या आधी मामांनी मामींना आणलं. तीनच्या खेळाला, मधल्या रांगेत. गल्लीतल्या बायकांनी धरून बसवलं, आणि मामा शेजारच्या खुर्चीत बसले. दारात त्या दिवशी कुणीच नव्हतं, मालकांनी बघून न बघितल्यासारखं केलं. मध्यंतरात मामा बाहेर आले ते लाजलेले होते.

"काय म्हणतात मामी?"

"म्हणती, पडद्याकडं बघा की. माझ्याकडं काय बघताय."

एवढं बोलायला मामींना किती वेळ लागला असेल, आणि किती वेळ मामांनी कान त्यांच्या तोंडाशी धरला असेल, ते मला माहीत नाही. पण त्यांनी ते वाक्य मला दोनदा सांगितलं. नंतर बरीच वर्षं, जो येईल त्याला सांगितलं.

मागच्या थंडीत मामा गेले. सकाळी आंघोळीला पाणी काढताना बसले ते उठलेच नाहीत. आम्ही पोचलो तेव्हा त्यांना सोप्यात ठेवलं होतं, हार घातले होते, बायकांचा आकांत चालला होता. मामी त्यांच्या उशाशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. हात कापत होता, चेहरा तसाच. बाहेरगावाहून आलेल्या नात्यातल्या बायका एकमेकींना खुणावत होत्या. "डोळ्यात टिपूस न्हाई बाईच्या." एक म्हणाली, "रडवा गं तिला, आत कोंडून बसलं तर जीव जाईल." आमच्याकडे हे करतातच. दोघीजणी पुढे सरसावल्या. एकीनं मामींची हनुवटी धरून हेल काढला, दुसरी खांदे हलवायला लागली. मामी काही करू शकत नव्हत्या.

मला राहवलं नाही. मी मध्ये घुसले आणि त्यांच्यासमोर बसले. रडण्याची त्यांची खूण कोणती ते मामांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी हात बघितले, पाय बघितले. मला काही कळेना. मग दिसलं, की ओठ हलताहेत. त्या आकांतात त्यांचा आवाज त्यांच्या स्वतःच्या कानापर्यंतही पोचत नसेल. मी त्या बायकांना जरा दटावूनच गप्प केलं आणि कान लावला.

"त्यांचं तोंड..." मामी म्हणाल्या. खूप वेळ थांबल्या. "त्यांचं तोंड माझ्याकडं करा."

मी मामींच्या भावाला सांगितलं. तो घुटमळला, मग वाकून उशी सरकवली आणि हलक्या हातानं मामांची मान मामींकडे वळवली. मामी भिंत सोडून पुढे सरकल्या. कापणारा हात जमिनीवर टेकवून वाकल्या, आणि आपला चेहरा त्यांच्या चेहऱ्यासमोर धरला. त्यांना नीट दिसावा असा. किती तरी वेळ तसाच धरून ठेवला.

त्यानंतर त्यांना रडवायला कुणी पुढे आलं नाही.