वेगळं, पण कुणापासून?

सलीमभाईंच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर पोचले आणि दारातच थबकले. एकाच लिंबाखाली दोन जनावरं बांधलेली. एक, अंगभर गाठी आलेला बैल. दुसरी, आदल्या दिवशी बाजारातून आणलेली गाभण गाय. दोघं एकाच टोपल्यातून कडबा खात होती.

मी गोरेगाव भागातल्या खेड्यांत गुरांची डॉक्टर आहे. तेव्हा लम्पीची साथ होती. जनावराला ताप येतो, कातडीवर गाठी येतात. डास-माशा हा आजार पसरवतात. सलीमभाईंना मी फोनवर सांगितलं होतं, बैलाला आयसोलेट करा, गाईला क्वारंटाइन करा. ते म्हणाले, "म्हंजे?" मी म्हणाले, "दोघांना वेगळं बांधा."

"सलीमभाई, हे काय?"

"वेगळं बांधलं ना मॅडम. बाकीचे गोठ्यात हायेत, हे दोघं हिकडं."

"अहो, पण एकमेकांपासून?"

"कोरोनात आमाला असंच कोरंटीन केलतं. मी पुण्याहून आलेला अन् मामू खोकणारे. दोघं शाळेच्या एकाच वर्गात."

बाजेवरून त्यांच्या अम्मी म्हणाल्या, "अन् चार दिसांनी तू बी खोकून राहिला होता. तब्बीच समजायला पायजे व्हतं."

मग मी फोड करून सांगितलं. आयसोलेशन आजारी जनावराचं. त्याच्यापासून बाकीच्यांना वाचवायचं. क्वारंटाइन नव्या, धडधाकट दिसणाऱ्या जनावराचं. आत आजार दबा धरून बसलाय का, हे कळेपर्यंत थांबायचं. म्हणजे जागा तीन लागतात.

"तीन? आखाडा हाय मॅडम, कलेक्टर ऑफिस न्हाई."

"लम्पीच्या तापात गाभ पडू शकतो, सलीमभाई."

सलीमभाईंचं हसू थांबलं. घरचं दूध बंद होऊन वर्ष झालं होतं. सगळं घर या गाईकडे डोळे लावून होतं.

छप्पर असलेली एकच जागा उरली होती, ट्रॅक्टरची. ट्रॅक्टर बाहेर काढला, गाय आत बांधली. ट्रॅक्टर बैलाशेजारी लिंबाखाली उभा राहिला.

"ट्रॅक्टरला तर होत न्हाई ना लम्पी?" अम्मींनी विचारलं.

चारापाण्याचा क्रमही ठरवून दिला. आधी गोठा, मग गाय, शेवटी बैल. प्रत्येकाची बादली वेगळी. संध्याकाळी लिंबाच्या पाल्याचा धूर.

आठवड्याने फोन आला, "मॅडम, गाईचे कान गरम लागून राहिले." तशीच निघाले. थर्मामीटर लावला, ताप नव्हता. गाय दुपारभर पत्र्याखाली तापली होती. पत्र्यावर कडबा टाकायला लावला आणि परत आले.

बैलाच्या गाठी हळूहळू सुकल्या. गाईला काहीच झालं नाही. ती व्याली, कालवड झाली. त्या दिवशीही सलीमभाईंचा फोन आला.

"मॅडम, वासराला आयसोलेशन का कोरंटीन?"

"वासराला आईजवळ ठेवा आणि चीक पाजा."

आता मी फोनवर नुसतं 'वेगळं बांधा' म्हणत नाही. कुणापासून, ते आधी सांगते. इंग्रजी शब्द मागाहून आले तरी जनावराचं काही बिघडत नाही.