बायकोला ‘गा’ म्हणणारा नवरा

ती घटना आठवली की आजही मला आधी संत्र्यांचा वास येतो आणि मग हसू. तेव्हा मी नागपूरच्या पूर्व भागातल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो आणि कळमन्याचा बाजार आमच्या हद्दीत होता. ऐन हंगामात एके दिवशी, सकाळची हजेरी सुरू असतानाच संत्र्यांचे व्यापारी ठाण्यात घुसले. पुढच्याने मोबाइल माझ्या टेबलावर आपटला.

“ऐका साहेब! आमची वाट लावून राहिले लोक.”

क्लिप छोटी होती. नवरा बायकोला फोनवर सांगतो आहे असा थाट आणि आवाज मुद्दाम जाड काढलेला. “ऐक गा मंदा, आज संत्रे नको आणू. कळमन्यात सुया टोचून रंग भरून राहिले. पोरांले देशील तर दवाखान्यात नेशील!”

व्यापारी चिडले त्यात नवल नव्हतं. क्लिप रातोरात शहरभर झाली होती. लकडगंजापासून गल्लीतल्या हातगाडीपर्यंत गिऱ्हाईक संत्रं उलटंपालटं करून सुईचं भोक शोधत होतं. मी तक्रार घेतली, स्टेशन डायरीला नोंद केली आणि खबऱ्यांना कामाला लावलं.

दुपारच्या आतच खबर आली. विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागासमोर आमच्या एका खबऱ्याची चहाची टपरी होती. तो म्हणाला, “साहेब, हे पहिले त्या पत्रकार पोट्ट्यांच्या ग्रुपवर आलं. एका पोरीनं टाकलं.” मी कपाळाला हात लावला. उद्या ज्यांनी आम्हाला खऱ्या बातम्या द्यायच्या, त्यांच्याच घरून अफवा! कुंपणच शेत खायला लागलं म्हणायचं.

महिला हवालदार जाऊन त्या पोरीला घेऊन आली. काटोलकडची होती, शेवटच्या वर्षाला. ठाण्यात आलेला माणूस आधी पुस्तकी बोलतो आणि घाबरला की घरची भाषा बाहेर पडते, हा माझा अनुभव. तिचं पहिलं वाक्य होतं, “सत्यता पडताळण्याच्या हेतूने मी ती ध्वनिफीत समूहावर पाठवली.”

“बेटा, बातम्या नको वाचू. काय झालं ते सांग.”

मग तिचा बांध फुटला. “सर, विभागाच्या स्टुडिओत कॉम्प्युटरवर सापडली मले ते. माया बाबाचा माल आज कळमन्यात आहे जी! मी घाबरली. ग्रुपवर टाकून विचारलं, हे खरं आहे का? माया प्रश्न ठेवला सगळ्यांनी तिथंच अन् क्लिप तेवढी नेली पुढं.”

आवाज कोणाचा, ते तिला ओळखता येत नव्हतं. बाहेर व्यापारी अडून बसले होते, नाव मिळालं ना, मग दाखल करा गुन्हा. तेवढ्यात तिचा बाप बाजारातून तडक आला. शर्टाला संत्र्यांचा वास आणि डोळे लाल.

“मालाले कोणी हात लावून नाही राहिलं, अन् कारण माया घरातच! बस झालं शिक्षण. चाल वं घरी!”

“बाबा, परीक्षा आहे जी...”

“तुले सांगून राहिलो ना? चाल वं!”

पोरगी रडायला लागली. माझं मात्र लिहिणं थांबलं. चाल वं! आमच्याकडे बाईला ‘वं’ आणि गड्याला ‘गा’. शेंबडं पोरही यात चुकत नाही. मी क्लिप पुन्हा लावली. “ऐक गा मंदा...” अरेच्चा! मी जन्माचा वऱ्हाडातला. बायकोला एकदा जरी ‘गा’ म्हणालो असतो, तर त्या दिवशी उपाशीच झोपावं लागलं असतं.

बापानेही ऐकलं आणि राग विसरून तो फस्सकन हसला. “कोण येडा आहे हा, साहेब?”

“तोच शोधतो. इकडचा नाही, एवढं नक्की. पोरीला थांबू द्या.”

“नाही सापडला, तर पाचच्या बसनं नेतो मी इले.”

मी तिच्या वर्गाला स्टुडिओत बसवलं आणि सगळ्यांसाठी चहा मागवला. दरडावून जे निघत नाही ते चहाबरोबर निघतं. हवालदारताई कप देत फिरत होती. साताऱ्याकडचा एक पोरगा सगळ्यांपेक्षा जास्त नागपुरी झाडत होता. ताई त्याच्यापाशी गेली तशी तो ऐटीत म्हणाला, “बस गा ताई, अर्धाच दे.”

वर्ग खो-खो हसला. ताईने कमरेवर हात ठेवला. “काहून रे पोट्ट्या, मी तुले बाप्या दिसून राहिली का?”

मी उठून त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. “मंदा बरी आहे का रे?”

झालं! नागपुरी कुठल्या कुठे पळाली. “चुकलं की वो सायेब! मला काय ठावं एवढी बोंब हुईल!”

वर्गात प्रत्येकाला निराळा अभ्यास दिला होता. याच्या वाट्याला आलं होतं, एक अफवा तयार करायची आणि मग तिची पडताळणी करून दाखवायची. याने पहिला भाग हौसेने केला, स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर तसाच सोडला आणि कळमन्याला जायचा आळस केला. मैत्रिणीला पोलीस घेऊन गेले तरी तोंड उघडलं नाही, म्हणून मी त्याला चांगला फैलावर घेतला. जबाब लिहिला आणि त्याला व्यापाऱ्यांसमोर उभं केलं. त्याचं रडवेलं तोंड आणि ‘गा’चा किस्सा ऐकून ते निवळले. ज्याने बिघडवलं त्यानेच निस्तरावं, यावर तोडगा निघाला. लेखी समज देऊन मी त्याला सोडलं. दुसऱ्या दिवशी हा गडी लिलावात उभा राहून संत्री सोलून खात होता आणि शेतकऱ्यांना बोलतं करून उरलेला भाग रेकॉर्ड करत होता. पोरीनेही त्यात आवाज दिला. गिऱ्हाईक हळूहळू परत आलं.

नोकरीभर मी माणूस काय बोलतो ते लिहून घेतलं. कसं बोलतो तेही ऐकायचं असतं, हे त्या प्रकरणाने शिकवलं. आणि हल्ली निवृत्तांच्या ग्रुपवर काही आलं, की मी आधी त्या पोरीचा प्रश्न लिहितो, “हे खरं आहे का?” मित्र वैतागतात. वैतागू देत!

पण सगळ्यात जास्त आठवते ती त्या दिवशीची संध्याकाळ. ठाण्याच्या दारात बाप उभा होता आणि शेजारी पोरगी, मान खाली घालून. मी म्हटलं, “भाऊ, पाचची बस लागली असेल.”

त्याने पोरीची पिशवी उचलून स्वतःच्या खांद्यावर टाकली.

“माया तोंडाकडं काय पाहून राहिली? परीक्षा आहे ना? चाल वं, होस्टेलले सोडून देतो.”