जपानी शाळेतली फडक्याची वेळ

माझं शुद्धलेखन चुकतं, अक्षरही किडमिडं आहे, त्याबद्दल माफी असावी. चौथीनंतर हातात पेन फारसं आलंच नाही. हे कोणाला दाखवायचं नाही, तरी आधी सांगितलेलं बरं.

नणंदेने व्हिसा-तिकिटाचे सहा हजार दिरहम भरून मला दुबईला आणलं. म्हणजे आपले जवळजवळ दीड लाख. ते फिटेपर्यंत पासपोर्ट तिच्या कपाटात आणि मी तिच्या हॉलमध्ये, सोफ्यामागच्या गादीवर. एका छोट्या जपानी शाळेत साफसफाईचं काम लागलं. ते गेलं असतं तर त्या गादीवरून सुटका नव्हती.

शाळेत जो तो भेटला की वाकतो. मला तसंही मान वर करून बोलता येत नाही, त्यामुळे ते जमलं.

पहिल्याच आठवड्यात मी जेवणाच्या सुट्टीत सगळे वर्ग पुसून टाकले. मुलं ओली फडकी घेऊन आली आणि लख्ख फरशीकडे बघत उभी राहिली. मोठे सर आले, माझ्यासमोर कमरेत वाकले. मी वाकले. ते आणखी वाकले. मीही. वाटलं, कामावरून काढताना हे लोक असंच करत असतील.

इंग्रजी शिकवणाऱ्या पुण्याच्या बाई दारात हसत होत्या. "मावशी, थांबा आता. तुम्ही थांबल्याशिवाय ते नाही थांबणार."

"मला काढलं का?"

"नाही हो. वर्ग मुलांनीच पुसायचा असतो, तो त्यांचा धडा आहे. तुम्हाला कोणी सांगितलं नाही, म्हणून सॉरी म्हणतायत."

तेव्हापासून रोज त्या वेळी मी भिंतीशी उभी. मुलं फडक्यावर दोन्ही हात दाबून फरशीभर पळायची. मग रांगेत उभी राहून, वाकून माझे आभार मानायची. कशाचे, ते कळत नसे. खुर्ची दिली होती, पण बसवत नव्हतं. ही बाई लागतच नाही, हे कधीतरी यांच्या लक्षात येणार. पुण्याच्या बाईंना विचारलं, मला काढतील का, तर म्हणाल्या, इथे तोंडावर 'नको' असं कोणी म्हणत नाही. मग तर प्रत्येक नमस्काराला मी आणखी खाली वाकू लागले.

पण नोकरी टिकली. घरी दर पगाराला नणंद हात पुढे करायची, "यल्ला, चल, आण." गेल्या महिन्यात शेवटच्या नोटा दिल्या. तिने मोजल्या, पासपोर्ट काढून सोफ्यावर टाकला आणि भात लावायला गेली. तिचे सगळे पैसे फिटले.