बांधापलीकडचा संशय

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार माझ्या मोठ्या आईचे, म्हणजे मोठ्या काकूचे. परतवाड्याजवळच्या मळ्यातली वांगी-मेथी विकून तिनं मला अमरावतीच्या कॉलेजात शिकवलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी तिच्यामुळे झालो. आता मी अकोल्याला जठारपेठेत राहतो, नोकरी करतो. तिच्या सोबतीला मळ्यात एक म्हातारा कुत्रा आहे.

गेल्या हिवाळ्यात तो ओकू लागला. खाणं सोडायचा, सुधारायचा, खायला लागला की पुन्हा ओकायचा. मोठ्या आईचा संशय बांधापलीकडच्या शेजाऱ्यावर होता. कुत्र्यानं त्याचे वाफे तुडवले होते आणि त्यानं चारचौघांत तिला बजावलं होतं.

"थोच काहीतरी टाकून राहिला," ती म्हणाली.

मलाही ते पटलं. सुटीत गेलो तेव्हा फवारणीच्या औषधाचा वास येतो का, हे पाहत बांधावर हिंडलो. शेजारी पलीकडून बघत होता.

"काय शोधून राहिले, सायेब?"

काही नाही म्हणालो. मग त्यानं कुत्र्याची तब्येत विचारली. याला कसं कळलं, या विचारानं माझा संशय वाढलाच.

त्याच दुपारी कुत्र्याची शी डांबरासारखी काळी झाली. तो पाण्यालाही तोंड लावेना. परतवाड्याच्या डॉक्टरांकडे शेजाऱ्याची जनावरं जात, म्हणून माझा त्यांच्यावरही भरवसा नव्हता. भाड्याच्या जीपमधून कुत्र्याला थेट अकोल्याला आणलं.

मी विषाचं सांगत होतो. तिथले डॉक्टर म्हणाले, काळी शी म्हणजे पोटात रक्तस्राव. मग त्यांनी विचारलं, "घरात गुडघेदुखीची गोळी कोण घेतं?"

हे काहीतरी टाळताहेत, असं मला वाटलं. मग मोठ्या आईचं बोलणं आठवलं. थंडीत कुत्रा लंगडतो, म्हणून ती भाकरीत घालून त्याला आपल्या गोळीतली अर्धी द्यायची. तो खात नसे तेव्हा गोळीही पोटात जात नसे, म्हणून सुधारायचा.

औषधोपचारानं तो वाचला. पण फोनवर गोळीचं नाव काढलं असतं, तर 'मीच त्याले मारत होतो का?' म्हणून तिनं फोन ठेवला असता. तिला वाचता येतं, म्हणून मोठ्या अक्षरांत पत्र लिहिलं:

'मोठे आई, पाया पडतो. कुत्रा वाचला. आज मऊ भात खाल्ला. त्याले कोणी विष घातलं नाही. आपली गुडघ्याची गोळी कुत्र्याले चालत नाही, आतून रक्त जाते. हे तुले कोणी सांगतलं नव्हतं, मलेही मालूम नव्हतं. आता अर्धीही देऊ नको. एखाद्या वेळी ओकला अन् मग नेहमीसारखा खाऊन-पिऊन राहिला, तर घाबरू नको. पण सारखा ओकला, पाणी सोडलं, पोट फुगलं, रक्त दिसलं का शी काळी झाली, तर माही वाट पाहू नको. त्याच दिवशी परतवाड्याच्या डॉक्टरकडे ने. गाडी शेजाऱ्याले मागजो. आपण त्याच्यावर उगाच आळ घेतला. थो नाही म्हणणार नाही, असं मले वाटते.'