म्हाताऱ्याची कबुली

महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं होतं. मॅजिस्ट्रेट म्हणून माझी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याला बदली झाली. मी कोकणातला, वऱ्हाडी बोली अजून कानात बसायची होती.

एक दिवस सुलतानपूरकडचा म्हातारा आरोपी म्हणून उभा राहिला. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या भांडणात त्यानं शेजाऱ्याचा हात मोडला, असा आरोप. मी आरोप वाचून संपवायच्या आतच तो म्हणाला, "हाव साहेब, म्याच मारलं. कबूल हाये."

फिर्यादी मागं बसला होता. तिशीतला धिप्पाड गडी, हात गळ्यात बांधलेला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काम उरकल्यासारखा तो निवांत होता. तिथंच मला शंका आली.

"कशानं मारलं?"

"काठीनं."

"कोणत्या हातानं?"

"उजव्या."

"तो हात वर करा."

हात खांद्याच्या वर गेला नाही. तिथंच अडला. दाराशी म्हाताऱ्याचा तरणाताठा मुलगा उभा होता. त्यानं मान खाली घातली.

मी कबुली घेतली नाही. पुरावा आणा म्हटलं. डॉक्टरांनी सांगितलं, घाव वरून आणि जोरात बसलेला. मी खोदून विचारल्यावर फिर्यादी गडबडला आणि खरं बाहेर आलं. मारलं होतं मुलानं, आणि म्हातारा व फिर्यादी यांनी तडजोड केली होती: बापानं गुन्हा अंगावर घ्यायचा, धुऱ्यावरची जमीन सोडायची, आणि फिर्यादीनं मुलाचं नाव घ्यायचं नाही. मुलाला नुकतीच मास्तरकी लागली होती.

मी म्हाताऱ्याला निर्दोष सोडलं. "बाबा, सुटलात तुम्ही."

"सुटलो कुठं साहेब?" तो म्हणाला. "मी 'हाव, हाव' म्हणून राह्यलो होतो, तुमी काऊन आइकलं नाही? आता पोराले नेतीन."

तसंच झालं. मुलावर खटला आला. मी तो दुसऱ्या मॅजिस्ट्रेटकडे पाठवला. मुलानं गुन्हा नाकारला. बाप साक्षीला उभा राहिला आणि पुन्हा म्हणाला, म्याच मारलं. कोणी विश्वास ठेवला नाही. मुलाला शिक्षा झाली, मास्तरकी गेली.

पुढं बरीच वर्षं त्या खुर्चीवर काढली. फार पटकन "कबूल" म्हणणारा कोणी समोर आला, की मी आधी दाराशी कोण उभं आहे ते बघायचो. प्रश्न मात्र विचारायचोच. विचारताना आवाज पूर्वीसारखा ठाम निघत नसे.